ज्यानं कधी विचारलं न्हाई

ताडकळस,
१३ जानेवारी २०२५

बबे,

वर प्रार्थनेवाल्यांचा सलाम लिहीत न्हाई, आपला जुना जयभीम बी लिहीत न्हाई. दोन्ही माझ्या तोंडून आलं की तू तोंड फिरवतीस. तवा सरळ कामाचं बोलते.

शुक्रवारी जावईबापूंचा फोन आला होता. शाळेची खिचडी वाढून झाली होती अन् मी पातेलं घासायले होते. त्यांचं नाव दिसलं तवा वाटलं, तूच बोलायलीस की काय. कसलं काय. "मामी, बबिताला नांदेडला दाखवलं," म्हणले. "डॉक्टर विचारायलेत, फिट कवापासून येतात, पहिली कशी आली, डोक्याला कधी मार लागला होता का, घराण्यात कोणाला हाय का. बबिताला लहानपणचं आठवत न्हाई. तुमी आठवून सांगा." अन् फोन ठेवता ठेवता म्हणले, चौथा महिना चालू हाय.

चौथा! आईला चौथ्या महिन्यात कळतं, ते बी जावयाच्या तोंडून. तुझा राग हाय तर माझा बी हाय, एवढं लिहू दे. गेल्या जुलैपासून तू माझा नंबर बंद करून टाकलास. मी शेजारणीच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून कट केलास. मग काय करू, सातवीपर्यंत शिकलेली बाई पत्र लिहिणारच.

मी जावईबापूंना सांगितलं ते तुला बी सांगते. पहिली फिट तू पहिलीत असताना आली, शाळेच्या प्रार्थनेला उभी होतीस तवा. तुझ्या आज्याला, म्हणजे तुझ्या बापाच्या बापाला, असंच व्हायचं म्हणतात. तवा हे रक्तातलं हाय, कोणाचा दोष न्हाई. मार-बिर काही लागला न्हाई. लेकरं पडतात धडपडतात, तेवढंच.

अन् त्या व्हिडिओचं तू मनात धरून बसलीस. आमच्यात दर रविवारी साक्ष देतात. चुडाव्याला स्टेशनच्या मागं पत्र्याचा शेड हाय, तिथं प्रार्थना असते. ज्याचं देवानं भलं केलं त्यानं उभं राहून सगळ्यांना सांगायचं. मी उभी राहिले अन् म्हणले, माझ्या लेकीच्या फिट बंद झाल्या, तीन महिने झाले, एक गोळी न्हाई. राजेश्रीनं, पास्टरच्या बायकोनं, मोबाईलवर काढलं. ते पालमपर्यंत तुझ्या सासरच्यांच्या फोनवर जाईल हे मला काय मालूम? अन् गोळ्या बंद करा असं गोपाळ पास्टरच म्हणत होते. मी काय माझ्या मनानं केलं?

डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घे आता. पाणी उकळून पी.

तुझी माय


ताडकळस,
२४ जानेवारी

बबे,

जावईबापूंचा परत फोन आला. आज्याला फिट होत्या हे ऐकल्यापासून तू जेवत न्हाईस म्हणले. रोज म्हणतीस, "माझ्याकडून बाळाला बी जाणार. मी कशाला जन्माला घालायलेय त्याला?" तुझ्या सासू कासाबाई ताट घेऊन समोर बसतात अन् तू भिंतीकडं तोंड करून झोपतीस. रडत बी न्हाईस म्हणले. मला म्हणले, "मामी, तुमाला नक्की आठवतंय ना आज्याचं?"

न्हाई आठवत. आठवायला काही हायच न्हाई. तुझा आजा ऐंशी वर्षं जगला, शेवटपर्यंत काठी न टेकता बाजाराला जायचा. त्याला सर्दी बी होत नव्हती. मी खोटं बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. जावईबापूंनी विचारलं अन् माझ्या तोंडून मेलेल्या माणसाचं नाव निघालं, कारण मेलेला माणूस उठून न्हाई म्हणत नसतो.

मी त्यांना फोनवर सांगणार होते, पण ते त्यांच्या शाळेत शिकवायले होते, तास होता. म्हणून लिहायलेय. जेव बाई. आज्याचं काही न्हाई. तापात आली असंल तुला पहिली फिट, तापात येतात म्हणे लेकरांना.

गोळ्यांचं बी खरं सांगते. पास्टरनं कधीच म्हणलं न्हाई. परवा मीच त्यांच्यावर ओरडले, तुमच्या नादानं माझ्या लेकीचं लेकरू गेलं म्हणून. ते बिचारे खाली बघून म्हणले, "सुलाबाई, माझी स्वतःची शुगरची गोळी चालू हाय. मी कुणाला कशाला बंद करायला सांगू?" सगळे बघायले होते. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मीच तुला सांगितलं. गेल्या मार्चला तू आलतीस तवा, पहिल्या वेळचे दिवस गेले होते. तू गोळ्या पदराआड काढून घ्यायचीस, सासरी रक्ताच्या गोळ्या म्हणून सांगायचीस. लग्नाच्या टायमाला फिटचं लपवायचं, हे बी मीच ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणले होते तुला. अन् मार्चला म्हणले, गोळीनं पोटातल्याला इजा होईल, विश्वास ठेव, मी उपास धरते. तू म्हणलीस, "माय, डॉक्टरला विचारू का?" मी म्हणले, डॉक्टरला कशाला, देव हाय ना.

तू माझं ऐकलंस. तीन महिने फिट आली न्हाई. जूनमध्ये मी साक्ष दिली. जुलैत फिट आली अन् तू जिन्यावरून पडलीस.

त्या रविवारी मी बोलायले होते अन् चाळीस माणसं ऐकायली होती, हालेलूया म्हणायली होती. माझ्या जन्मात माझं कोणी एवढं ऐकलं नव्हतं. तुझ्या बापानं न्हाई, शाळेतल्या हेडमास्तरनं न्हाई. मला लय बरं वाटलं, बबे. मी तुझं नाव घेऊन घेऊन बोलले. कोणी मला तसं करायला लावलं न्हाई.

जावईबापू माणूस म्हणून लय मोठे हायत. मी त्यांची फसवणूक केली, अन् ते म्हणले, "मला सांगितलं असतं तर मीच वेळेवर गोळ्या दिल्या असत्या." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माय


ताडकळस,
३ फेब्रुवारी

बबे,

काल मी पालमला आले होते. तुला मालूमच हाय.

रविवार होता. प्रार्थनेला न जाता एसटी धरली. तुझ्या गल्लीत आले अन् खिडकीत तू उभी दिसलीस. पोट दिसायलंय. तोंड मात्र सुकून एवढंसं झालंय. तू मला बघितलंस अन् आत गेलीस. मग कासाबाई दारात आल्या. मला आत बोलावलं, पाणी दिलं, स्वतः समोर बसल्या. "बबिता झोपलीय," म्हणल्या. मग थोड्या वेळानं म्हणल्या, "न्हाई झोपली. तुमाला तसं सांगा म्हणून तिनं सांगितलं. मला खोटं बोलता येत न्हाई, विहीणबाई."

त्यांना येत न्हाई. मला येतं.

मी विचारलं, जेवते का आता? म्हणल्या, "आज्याचं खोटं होतं हे तिला सांगितलं. तर म्हणली, 'माय आज एक सांगती, उद्या एक. आज्याला नव्हतं तर आणखी कुणाला असंल. मला आली म्हणजे कुठून तरी आलीच ना. माझ्या बाळाला बी येईल.'" मग म्हणल्या, डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढलाय. त्यात जुना डाग दिसतो. लहानपणी लय जोराचा मार लागला असंल असं डॉक्टरांना वाटतं, पण घरचं कोणी सांगितल्याबिगर पक्कं म्हणता येत न्हाई. "मार लागल्यानं आली असंल तर लेकरात उतरायची भीती तशी न्हाईच म्हणले," असं कासाबाई म्हणल्या अन् माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमी आई हाय. तुमाला मालूम असंल."

मी म्हणले, मला आठवत न्हाई. चहा पण न घेता उठले.

स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. बाकड्यावर बसून राहिले. मागच्या रविवारी पास्टर म्हणत होते, देवाला आपलं सगळं ठाव असतं, आईच्या पोटात होतो तवापासूनचं, तोंडातून शब्द निघायच्या आधी तो त्याला मालूम असतो. बाया आमेन आमेन म्हणायल्या होत्या, एक तर रडायली होती, लय धीर येतो म्हणे. कसला धीर? ज्याचं काही झाकलेलं न्हाई त्याला धीर. मला वाटलं, कोणीतरी माझ्या घरात घुसून पेटी उघडून बसलंय.

तुला भूक लागली असंल. काहीतरी खा.

माय


ताडकळस,
१० फेब्रुवारी

बबिता,

हे पत्र आधी डॉक्टरला दाखवायचं. मग तू वाच किंवा न वाच.

तू सहा वर्षांची होतीस. कापूस वेचणीचे दिवस. तुझा बाप ताडकळसच्याच एका बांधकामावर होता. मी दुपारी रानातून घरी आले, उन्हानं डोकं फिरलेलं. तू चूलबोळकी मांडून खेळत होतीस अन् खेळता खेळता रॉकेलचा डबा सांडलास. महिन्याचं रॉकेल. सगळी जमीन ओली. तू हातानं पुसायली होतीस, फ्रॉकला पुसायली होतीस.

मी तुझा दंड धरला अन् हिसडा देऊन फेकलं. ढकललं न्हाई, फेकलं. कोपऱ्यात जातं होतं, त्याच्यावर तुझं डोकं आपटलं. रक्त आलं न्हाई. तुझे डोळे वर गेले अन् तू पडून राहिलीस.

किती वेळ ते मला सांगता येत न्हाई. मी पाणी मारलं, तळपाय घासले. शेजारची बाई दारात आली, "काय झालं गं सुला?" म्हणली. मी दारात आडवी उभी राहून म्हणले, काही न्हाई, झोपलीय. तिला आत घेतलं असतं तर तिनं तुला उचलून दवाखान्यात नेलं असतं. मी तिला घालवून दिलं. तू उठलीस, संध्याकाळी दोनदा उलटी केलीस. तुझ्या बापाला मी सांगितलं, ऊन लागलं. त्यानं कांदा फोडून तुझ्या उशाला ठेवला. आठ महिन्यांनी तुला पहिली फिट आली.

बापाला मी मरेपर्यंत सांगितलं न्हाई. तो तुला परभणीला डॉक्टरकडं न्यायचा, डॉक्टर विचारायचा, मार लागला होता का? तुझा बाप माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायचे. दरवेळी. मग मला डॉक्टरच नको वाटायला लागले. बाबा झाले, दर्गा झाला, झाडपाला झाला. तुझा बाप गेल्यावर चुडाव्याला गेले, अन् तिथं मला लय बरं वाटलं, कारण तिथं कोणी काही विचारलंच न्हाई. तुझं नाव घेतलं अन् सगळ्यांनी हात वर करून प्रार्थना केली. कशानं झालं, कवा झालं, कोणी केलं, काही न्हाई. मला वाटलं, हा देव बरा, हा विचारत न्हाई.

आता समजलं का, मी तुझ्या गोळ्या का बंद केल्या? गोळी दिसली की मला ते जातं दिसायचं. देवानं तुला बरं केलं असतं तर माझं झालेलं न झाल्यासारखं झालं असतं. तुझ्यासाठी न्हाई केलं ते. माझ्यासाठी केलं. त्यात तुझं लेकरू गेलं.

पालमहून आल्यापासून मी घरात बसून हाय. शाळेत दोन दिवस खाडा केला. परवा प्रार्थनेला बसले, तर तोंडातून नेहमीचं निघेना. देवा, माझ्या लेकीला बरं कर, असं म्हणायला गेले अन् जीभ अडली. एकदम ध्यानात आलं, की तो विचारत न्हाई, कारण त्याला मालूम हाय. मी खुळी समजत होते, विचारत न्हाई म्हणजे ठाव न्हाई. त्या दुपारी दार मी अडवून धरलं होतं, पण आत तो होताच. त्यानं तुझे डोळे वर गेलेले बघितले अन् माझा हात बी बघितला. एकोणीस वर्षं तो माझ्याकडं बघायलाय. मी साक्ष द्यायला उभी राहिले तवा बी बघायला होता, मनात काय होतं ते बी.

अन् बबे, तरी तो उठून गेला न्हाई. हे मला कळलं तवा मी पहिल्यांदा रडले. माणसाला कळलं असतं तर माणूस गेला असता, जायलाच पाहिजे. ह्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं अन् हा बसून राहिला. मला माफ केलं का काय, ते मला सांगता येत न्हाई, तसं काही मला ऐकू आलं न्हाई. पण ह्या जगात एक जण हाय ज्याच्यापुढं मला नवं खोटं रचावं लागत न्हाई. माझ्यासारखीला तेवढाच धीर हाय.

तो बसला म्हणून तू बसावंस असं मी म्हणत न्हाई. तो देव हाय. तुझं डोकं फुटलंय, तुझं लेकरू गेलंय. तू देव न्हाईस.

तुझं दुखणं रक्तातलं न्हाई. माझ्या हातातलं हाय. हातातलं बाळात उतरत न्हाई. जेव आता.

सुलाबाई


ताडकळस,
१ मार्च

बबिता,

जावईबापूंचा काल फोन आला. डॉक्टरांनी पत्र वाचलं, फोटोशी जुळतंय म्हणले, गोळी बदलून दिली. बाळाची तशी भीती धरू नका म्हणले. तू त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी खाल्लीस, असं जावईबापूंनी सांगितलं.

मग त्यांनी तुझा निरोप सांगितला. त्यांना जड जायलं होतं, तरी त्यांनी तुझ्याच शब्दांत सांगितला, ते बरं केलं. बाळंतपणाला यायचं न्हाई. बारशाला यायचं न्हाई. बाळाला तिचं नाव आज्जी म्हणून सांगायचं न्हाई. बाळ तिच्या हातात कधीच द्यायचं न्हाई.

बरोबर हाय. तुझ्या जागी मी असते तर मी बी दिलं नसतं. मी वाद घालणार न्हाई, परत पालमला येणार न्हाई. रविवारी साक्षीला पास्टरनं माझ्याकडं बघितलं. मी उभी राहून एवढंच म्हणले, जूनमधली माझी साक्ष खोटी होती, ती फोनमधून काढून टाका. कोणी आमेन म्हणलं न्हाई. आता मी मागं दारापाशी बसते. बाया जरा सरकून बसतात. घरी आल्यावर दार लावते अन् म्हणते, तुला तर मालूमच हाय. त्याच्यापुढं काही सांगत न्हाई, नुसती बसते. बाकी दिवसभर माझ्यासंगं बोलणारं कोणी न्हाई, अन् आता ते असंच राहील हे मला समजतंय.

तुझ्या निरोपात शेवटी एक विचारणं होतं. सात महिन्यांत तू मला पहिल्यांदा काही विचारलंस. जावईबापू म्हणले, "बबिता विचारायलीय, त्या दिवशी मी रडले होते का?"

मागच्या पत्रात मी एवढं एकच ठेवून घेतलं होतं. वाटलं, डॉक्टरला त्याचा काय उपयोग. पण तू विचारलंस, तर सांगते. ह्याच्यानंतर माझ्याकडं काही उरत न्हाई, अन् मी पत्र बी लिहिणार न्हाई.

न्हाई, तू रडली न्हाईस. डोळे उघडलेस, इकडं तिकडं बघितलंस. मी रडायले होते, ते बघून तू उठून माझ्या गळ्यात हात टाकलास. तुझ्या हाताला रॉकेलचा वास येत होता. तू म्हणलीस, "माय, रडू नको. मी पडले का?"

अन् मी म्हणले, हो बाई, पडलीस तू.